मी दिलेली उत्तरं

बचत गटाच्या पैशांत आईचा हिशोब चुकायला लागला, तेव्हा कमी पडलेली रक्कम मी माझ्या खिशातून भरली आणि विषय मिटवला. घराची अब्रू राखली असं मला वाटलं. आईच्या आजाराची पहिली ठळक खूण मी त्या दिवशी माझ्या हाताने पुसून टाकली होती.

गंगाखेड तालुक्यातलं आमचं गाव. आई शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण गटातल्या बायकांचे पैसे गोळा करून बँकेत भरायचं काम तिच्याकडे होतं. कुणी किती दिले, कुणाचा कोणता हप्ता राहिला, सगळं तोंडपाठ. वही दुसरी बाई लिहायची, पण वहीतली चूक आई काढायची. तिलाच पुढे शंभराच्या आणि पाचशेच्या नोटा निवडायला वेळ लागू लागला. पैसे कमी भरले की ती ठामपणे म्हणायची, "कुणीतरी डब्यात हात घातला." बायका आपसांत कुजबुजायच्या आणि मी समोर आलो की गप्प बसायच्या. मी परभणीत शिक्षक, सुट्टीला गावी जाणारा. 2014 आणि 2015 ही दोन्ही वर्षं मराठवाड्याला दुष्काळाची गेली. विहीर आटलेली, कापूस हाती न लागलेला. आईचं लक्ष थाऱ्यावर नाही ते या घोरामुळेच, अशी मी स्वतःची समजूत घातली. वयाचं कारण तर होतंच.

स्वयंपाकातही फरक पडला होता. आईची ज्वारीची भाकरी म्हणजे गल्लीत नाव. काठवटीत पीठ घ्यायचं, गरम पाण्यात मळायचं, उंडा करून थापायचा, तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं, ते सुकत आलं की उलटायची आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी आहारावर शेकून फुगवायची. आयुष्यभर हे हात आपोआप करत आले. एका दिवाळीत मी शेजारी बसलेलो असताना तिने भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात वरच थांबला. पुढे काय करायचं ते तिला सुचेना. भाकरी खालून करपली, वरून कोरडी पडून तडकली. तिने ती उचलून गाईच्या टोपल्यात टाकली आणि दुसरा उंडा घेतला. त्यालाही तसंच झालं. मला वाटलं, डोळे अधू झालेत, मोतीबिंदू असेल. मी तिचे डोळे तपासून आणले. डोळ्यांत मोतीबिंदू निघालाही, आणि कारण सापडलं म्हणून मी निश्चिंत झालो.

विसरण्याच्या आजाराचा संशय मला आला नाही, याला एक कारण होतं. आईला जुनं सगळं आठवत होतं. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडी जनाबाई असणारच. आई एकदा सुरू झाली की न अडखळता म्हणत राहायची. रझाकारांच्या दिवसांत तिच्या वडिलांनी रातोरात कुटुंब कुठे हलवलं हेही ती लहानपणी ऐकलेल्या बारकाव्यांसकट सांगायची. जिला एवढं आठवतं तिला विसरण्याचा आजार कसा असेल? पुढे नांदेडच्या डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा कळलं की या आजारात जुनं साठवलेलं बराच काळ टिकतं, आज घडलेलं मात्र मेंदूत नोंदलंच जात नाही. सकाळी काय खाल्लं, कोण येऊन गेलं, कालचा निरोप काय होता, हे विचारायला हवं होतं. मी रझाकारांचं विचारत होतो.

दुसरी एक समजूत होती, ती एका सिनेमाने पक्की केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा 'अस्तु' मी पाहिला होता. डॉ. मोहन आगाशे त्यात स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित झाले आहेत. सिनेमा पाहून मी गहिवरलो आणि हा पुण्याच्या विद्वानांचा आजार आहे असं मनाशी धरून बसलो. वस्तुस्थिती उलटी आहे. भारतातल्या वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाचा मोठा देशव्यापी अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीपुढच्या शंभरांत साताहून अधिक, म्हणजे 7.4 टक्के लोकांना हा विकार आहे. देशभरात 88 लाख. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शिक्षण जितकं कमी तितकं प्रमाण मोठं. म्हणजे माझ्या आईसारख्याच बाया. ज्यांच्याकडे पाहून कुणाला हा आजार सुचत नाही, त्यांनाच तो अधिक होतो.

गटाच्या प्रकरणानंतर मी आईला परभणीला आणलं. जरा हवापालट होईल, सूनबाई करून घालेल. नवी जागा तिला मानवली नाही. गावातली चूल, ओसरी, विहिरीची वाट तिच्या पायाखालची होती आणि त्यावर तिचा दिवस निभत होता. इथे संडास कुठे आणि स्वयंपाकघर कुठे, हेच तिला रोज नव्याने शोधावं लागे. माझी बायको दिवसभर तिच्यासोबत. तिने मला कितीतरी गोष्टी सांगितल्या: तोच प्रश्न परत परत विचारतात, अंघोळ केली म्हणतात पण केलेली नसते, लुगडं नेसताना निऱ्या धरून तशाच उभ्या राहतात. मी त्यात सासू-सुनेचं भांडण पाहिलं. "म्हातारं माणूस आहे, सांभाळून घे," एवढं बोलून मोकळा झालो.

मग आईच्या सोन्याच्या पाटल्या सापडेनात. आईने माझ्या बायकोचं नाव घेतलं. मी मुलांदेखत बायकोला विचारलं, "खरं काय ते सांग." ती काही बोलली नाही. आत जाऊन तिने स्वतःची पेटी बाहेर आणली, माझ्यासमोर उघडली आणि एकेक वस्तू काढून फरशीवर मांडली. पुढे पाटल्या तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी निघाल्या, फडक्यात बांधलेल्या. आईनेच जपून ठेवल्या होत्या. मग मी आईवर ओरडलो. दोघींशीही मी अन्यायाने वागलो. बायकोची मी माफी मागितली, पण ती पेटी मी उघडायला लावली हे काही पुसलं जाणार नाही.

अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी 1906 साली ज्या बाईची केस मांडली, त्या आउगुस्टे डेटरचं पहिलं लक्षण विसरभोळेपणा नव्हता. नवऱ्यावर संशय घेणं होतं. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली गोष्ट आहे ही. वस्तू स्वतः ठेवायची, ठेवल्याचं नोंदलं जात नाही, आणि मग रिकामी जागा दिसली की मनाला एकच कारण सुचतं, कुणीतरी नेली. आई खोटं बोलत नव्हती. तिच्या जगात खरोखरच चोरी झाली होती.

या पाटल्यांमुळेच शेवटी आम्ही नांदेड गाठलं. मेंदूविकारतज्ज्ञ शांत होते. त्यांनी आईला विचारलं, "आजी, आता कोणता महिना चालू आहे?" आई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तूच सांग की. मास्तर हायेस." मी लगेच सांगितलं. पुढचा प्रश्न, तेच. जेवायला काय होतं? मी सांगितलं. नातवंडं किती? मी बोट दाखवून सुचवलं. वर्गात पोराला कुणी उत्तर पुरवलं तर मी खपवून घेत नाही, पण आईची फजिती मला पाहवेना. डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. नंतर म्हणाले, "प्रश्न विचारला की शेजारच्याकडे वळून बघणं, हे स्वतःच एक लक्षण आहे. तुम्ही घरी किती वर्षं उत्तरं देताय?"

आई निरक्षर असल्याने घड्याळाचं चित्र काढणं, आकडे उलटे मोजणं या नेहमीच्या चाचण्या तिला लागू नव्हत्या. न शिकलेल्यांसाठी वेगळी चाचणी असते. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करताना 1990 च्या दशकात ती बेतली गेली. त्यात आपल्या जगण्यातलंच विचारतात. डॉक्टरांनी बायकोला बोलावून खूप वेळ विचारलं: आधी काय करता येत होतं, आता काय येत नाही, कधीपासून, हळूहळू की एकदम? मला त्यांनी फारसं विचारलं नाही. घरातली खरी साक्षीदार कोण हे त्यांना आमच्याकडे पाहूनच कळलं. रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा फोटो झाला आणि आजाराला नाव मिळालं, अल्झायमर.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते थोडक्यात सांगतो. गोळी सुरू झाली. तिने आजार बरा होत नाही, पण काही काळ आई थोडी जागेवर राहिली. दिवेलागण झाली की "घरी जायचंय" म्हणायची आणि मी तिच्याशी वाद घालायचो, "हेच घर आहे, आई." माझा आवाज चढला की ती आणखी घाबरायची. बायको मात्र "चला" म्हणून तिला हाताला धरून गल्लीतून फिरवून आणायची आणि परत आल्यावर आई खाटेवर निमूट बसायची. मला हे शिकायला फार उशीर लागला. आई गेली तेव्हा तिला माझं नाव येत नव्हतं.

या अनुभवानंतर आपल्याला आजार समजला, असं मला वाटू लागलं. तिथून पुढच्या चुका मी केल्या त्या अर्धवट माहितीच्या जोरावर.

माझे धाकटे चुलते, तात्या, पूर्णा तालुक्यात शेती करायचे. झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे. काकूने कैक वर्षांपूर्वीच आपली खाट दुसरीकडे टाकली होती आणि आम्ही सगळे त्यावर हसायचो. मग तात्यांची चाल बारीक पावलांची झाली, पाठ वाकली. आणि एका संध्याकाळी ते काकूला म्हणाले, "त्या लेकरायला भाकर दे की, कवाची बसलेत." अंगणात कुणी नव्हतं. तात्या मात्र बोट दाखवून सांगत होते, तुळशीजवळ दोन पोरं, एकीच्या अंगात लाल झबलं. भीती नव्हती, नुसती काळजी. भावकीत लागिराची भाषा सुरू झाली, गंडेदोरे झाले. मला बोलावलं. मी तात्यांना कापसाचा भाव विचारला, सरकीचं बियाणं विचारलं, सोसायटीचं कर्ज विचारलं. सगळं अचूक. मी जाहीर केलं, "हा आईचा आजार नाही, स्मरणशक्ती खणखणीत आहे. हा मनाचा आजार आहे." दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं असतं तर ते गुंगीत, अर्धवट बोलताना दिसले असते. काकू ते सांगत होती. माझ्या कानावर पडत होतं, डोक्यात शिरत नव्हतं.

दवाखान्यात बोलायचं काम मी माझ्याकडे घेतलं. भास होतात, एवढंच सांगितलं. चाल बदलल्याचं सांगितलं नाही, झोपेतल्या लाथांचं तर मला महत्त्वच वाटलं नव्हतं. भास थांबवणारं औषध सुरू झालं आणि काही दिवसांतच तात्या लाकडासारखे ताठ झाले. घास गिळता येईना, कूस बदलता येईना. औषध बंद करून ते पुन्हा उठून बसेपर्यंत बराच काळ गेला आणि पूर्वीसारखे ते चाललेच नाहीत.

हा लेवी बॉडी प्रकारचा स्मृतिभ्रंश. फ्रिट्झ लेवी यांनी 1912 साली मेंदूच्या पेशींतल्या ज्या गाठोळ्या पाहिल्या, त्यांच्यावरून हे नाव पडलं. यात सुरुवातीला आठवण बरी असू शकते. दिसायला लागतात ती माणसं, लेकरं, जनावरं, अगदी तपशिलासकट. एक दिवस माणूस लख्ख, दुसऱ्या दिवशी हरवलेला. चाल पार्किन्सनच्या रोग्यासारखी. स्वप्नात हातपाय झाडणं तर वर्षानुवर्षं आधी सुरू होतं. आणि भासांवरची काही औषधं या रोग्यांना जबर बाधतात, म्हणून ही सगळी लक्षणं एकत्र सांगणं फार गरजेचं असतं. ज्यांनी औषध दिलं त्यांच्यासमोर मी अर्धीच माहिती ठेवली होती. राहिलेली अर्धी काकूकडे होती आणि तिला मी बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं.

तात्यांच्या निमित्ताने मी बरंच वाचलं. रक्तदाब आणि साखरेमुळे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबत गेल्या की होणारा प्रकार वेगळा. त्यात माणूस पुष्कळदा जिना उतरल्यासारखा खाली येतो. एक पायरी उतरली की काही महिने तिथेच, मग एकदम दुसरी. गावोगाव माणसं बरं वाटलं की प्रेशरची गोळी सोडून देतात. त्याचं बिल मेंदू असं भरतो. कपाळामागच्या भागाचा प्रकार आणखी फसवा असतो, कारण तो पन्नाशीतही येतो आणि विसरण्याने नाही, स्वभावाने कळतो. वाचताना मला एक जुना सहकारी आठवला. अतिशय भिडस्त माणूस. पुढे त्याने लाज सोडल्यासारखं वागायला सुरुवात केली, पोरांच्या डब्यातलं गोड खायचा, घरातल्या मरणाच्या दिवशीही त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. "बिघडला" म्हणून आम्ही त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला नेमकं काय झालं होतं हे सांगता येणार नाही, कारण त्याला डॉक्टरकडे न्यावं असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. मलाही नाही.

आणि आता आत्याचं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं.

आत्या जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या अंगाला राहायची. गळ्यात माळ, त्यामुळे मांस-मच्छी कधी नाही. दात गेल्यापासून दूधही कमी झालेलं, दिवसभर काळा चहा आणि कुस्करलेली भाकरी. साखरेची गोळी वर्षानुवर्षं, पित्ताची गोळी रोज. ती गप्प गप्प राहू लागली. नावं विसरायची, चूल पेटवून उठून जायची, तोल सावरत चालायची. माझा आतेभाऊ मला घेऊन गेला. सगळ्या नात्यात या आजाराचा जाणकार मीच होतो. मी ओसरीवर बसून आत्याला महिना विचारला, सकाळी काय खाल्लं ते विचारलं. तिला सांगता आलं नाही. मी आतेभावाला बाजूला घेऊन म्हणालो, "आईसारखंच आहे. यावर उपाय नसतो. पैसा आणि हाल वाया घालवू नकोस, जीव लावून सांभाळा."

त्याने माझा शब्द मानला. निघताना एक गोष्ट माझ्या नजरेला पडली होती. अंगणातून ओसरीवर येताना आत्याची एक चप्पल मागेच राहिली आणि तिला ते कळलं नाही. ती तशीच एक पाय अनवाणी घेऊन चालत आली. मी मनात म्हटलं, बघा, चपलेचंही भान नाही. भान होतं. तळव्याला चप्पल लागतच नव्हती, पाय बधिर झाले होते.

सहा महिन्यांहून जास्त काळ असाच गेला. पुढे ती पडली, मनगट मोडलं, आणि प्लास्टरसाठी नेलं तेव्हा एका तरुण डॉक्टरणीने तिला जीभ दाखवायला सांगितली. जीभ लालबुंद, गुळगुळीत. तळव्यांना हात लावून विचारलं, कळतंय का? रक्त तपासायला सांगितलं. जीवनसत्त्व बी-बारा अगदी तळाला गेलेलं. मांसाहार नाही, दूध नाही, त्यात साखरेची आणि पित्ताची अशी गोळी की जिच्यामुळे बी-बारा अंगी लागणं आणखी कमी होतं. इंजेक्शनं सुरू झाली. काही आठवड्यांत आत्या घरातल्यांना नावाने हाका मारू लागली. आषाढात तिने मला फोनवर विचारलं, "तुझ्या पोरीचं बाळंतपण कुठं करणार हायेस?" पोरीला दिवस गेल्याचं तिला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. फोन हातात धरून मला बोलता येईना.

डोकं ताळ्यावर आलं, पाय आले नाहीत. बी-बारा फार दिवस कमी राहिलं तर नसा कायमच्या जातात. ती आजही भिंत धरून चालते. आतेभाऊ मला एकदाच बोलला, आवाज न चढवता: "दादा, तुम्ही नसतं सांगितलं तर मी तवाच नेलं असतं." जिंतूरला रक्त तपासणारी लॅब होती. त्यासाठी नांदेड, संभाजीनगर गाठायची गरज नव्हती.

बी-बारा हे एकच कारण नाही. थायरॉइड मंदावणं, खोल उदासी, पडल्यावर डोक्यात हळूहळू साकळलेलं रक्त, रक्तातलं सोडियम उतरणं, झोपेच्या किंवा इतर गोळ्यांचा परिणाम, यांतलं काहीही स्मृतिभ्रंशासारखं दिसू शकतं आणि पुष्कळदा सुधारतं. काल धड असलेलं म्हातारं माणूस रातोरात असंबद्ध बोलायला लागलं तर अनेकदा तो लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग असतो, आणि तिथे दिवस घालवायचा नसतो. हे सगळं मी आत्यानंतर वाचलं.

नात्यागोत्यातून अजून फोन येतात. मी आता आजाराचं नाव घेत नाही. एका कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या, एवढंच सांगतो. पहिला बदल कधी दिसला आणि तो विसरण्याचा होता की स्वभावाचा, चालीचा, हिशोबाचा. हळूहळू वाढला की टप्प्याटप्प्याने की एकाएकी. कोणतं काम पूर्वी येत होतं आणि आता अडतं. झोपेत काय होतं. कुठे पडले होते का. सगळ्या गोळ्यांची पाकिटं, बंद केलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. बी-बारा आणि थायरॉइड तपासलं का, हे आपण होऊन विचारा. घरात कुणाला सुचेनासं झालं, रात्री-अपरात्री धीर सुटला, तर 14416 हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी 14567 आहे. आणि बरोबर जाताना घरात जी बाई दिवसभर त्या माणसाजवळ असते तिला न्या, तिला खुर्ची द्या, तिला बोलू द्या. मोठा मुलगा, मास्तर, जावई जो कुणी असेल त्याने बाहेर थांबलं तरी चालतं.